घोडादेवाची मागची बाजू

यवतमाळात देवी दरवर्षी वेगळ्या देशात बसते. ज्यांनी तिथलं नवरात्र पाहिलेलं नाही त्यांना हे सांगून पटत नाही. एका चौकात रोमचा गोल आखाडा, पुढच्या चौकात इजिप्तचं देऊळ, दारात दगडी राजे मांडीवर हात ठेवून बसलेले. खेड्यांतून लोक गाड्या करून येतात, रांगा लावतात, मग उभ्याउभ्या आलूबोंडा खात एकमेकांना सांगतात, "रोम चांगलं होतं, पण इजिप्तात लय गर्दी." ते रोम बांधणाऱ्यांत मी होतो. जग मी असं बांबूवर चढून पाहिलं. नववीत शाळा सोडलेल्याला तेवढं तरी कोण दाखवतं?

मला उस्तादनं दाखवलं. ढाणकीजवळच्या आमच्या गावातून मी यवतमाळला आलो तेव्हा मला सुतळीची गाठसुद्धा धड मारता येत नव्हती. त्यांनी मला डेकोरेशनच्या कामावर घेतलं, स्वतःच्या घरी झोपायला जागा दिली, आणि त्यांच्या बायकोनं कधी मला वेगळं ताट लावलं नाही. थर्माकोल कोरणं, रबराचा साचा करणं, प्लायला दगडाचा रंग देणं, सगळं त्यांच्याच हाताखाली शिकलो. स्वतः उस्ताद नागपूरच्या पलीकडे गेलेले नव्हते. मोबाइलवर फोटो मोठा करून बघायचे आणि म्हणायचे, "आपल्याले फक्त समोरचं पायजे, बाबू. पब्लिक समोरून येते, बाजूनं जाते. मागं फक्त कुत्रं जाते, अन् त्याले रोम समजत नाही."

आमच्या धंद्यात मागची बाजू नसतेच. मागे बांबू, सुतळी आणि आमचे वाळत घातलेले कपडे.

माझ्या बहिणीच्या लग्नाला उस्ताद गावी आले तेव्हा त्यांनी घोडादेव पाहिला. गावाबाहेर लिंबाखाली कमरेएवढा दगड होता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं गोळा झालेला. घोड्यावरचा माणूस आहे एवढं ऐकून माहीत, डोळ्यांनी कुणी पाहिलेला नव्हता. उस्ताद त्याच्यापुढे उकिडवे बसले, बाजूनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा वीरगळ आहे. लढाईत मेलेल्या माणसाचा दगड. शेकडो वर्षांचा असंल."

त्या वर्षी मंडळाला कंबोडियाचं देऊळ हवं होतं. पायऱ्यांशी असे दगड उभे केले तर शोभतील, म्हणून उस्तादनं गावाकडे घोडादेव मागितला. "फक्त उतरवून घेतो," म्हणाले. आमच्याकडे गाणं उतरवून घेतात, हिशोब उतरवून घेतात. गावानं तोच अर्थ घेतला. नवरात्रापुरता यवतमाळला न्यायचा, साच्यात उतरवायचा, दसऱ्यानंतर परत आणायचा. माझे मोठेबाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, तेव्हा गावात सगळ्यांच्या वतीनं बोलत. ते उस्तादकडे न पाहता मला म्हणाले, "तुह्या भरोशावर देऊन राह्यलो."

शेंदूर मीच काढला. खालून घोडा निघाला, त्याच्या मानेवरची दोरी, माणसाच्या हातातली तलवार, वर चंद्र आणि सूर्य. बायका ओळीनं बघून गेल्या. माय म्हणाली, "आपला देव पोरगाच दिसते की."

यवतमाळात साचा करताना उस्ताद म्हणाले, चारी बाजूंनी घे. मला नवल वाटलं. "मागची बाजू कायले पायजे?" मी विचारलं. "शिकून घे," ते म्हणाले. एरवी सगळं फायबरमध्ये हलकं ओतायचो. या वेळी त्यांनी सिमेंटमध्ये काळ्या दगडाची भुकटी घालायला लावली, वजन यायला. पब्लिक हात लावते, हललं तर बरं दिसत नाही, असं कारण सांगितलं. मला आनंदच झाला. पहिल्यांदा मी पूर्ण वस्तू बनवत होतो. घाईत मिश्रण नीट ठोकलं गेलं नाही आणि घोड्याच्या पोटाखाली हवेचे फुगे राहिले, ज्वारीच्या दाण्याएवढे, चार-पाच एका ओळीत. बुजवायला गेलो तर उस्ताद म्हणाले, "राहू दे. तिथं कोण वाकून पायते?"

नवरात्रात गावातले लोक टेम्पो करून आले. एकीकडे घोडादेव, दुसरीकडे माझा, दोघांनाही सारखेच हार. खरा कोणता यावर त्यांच्यात पैजा लागल्या. मोठेबाबा चुकले आणि सगळ्यांसमोर हसले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता.

दसरा झाल्याबरोबर उस्तादनं मला कर्नाटकात पाठवलं. इथं एक बाग आहे, तीत जगभरच्या जुन्या इमारती लहान करून उभ्या केल्यात. त्यांची डागडुजी करायचं काम त्यांनीच बोलून मिळवून दिलं. घोडादेव मी परत नेतो म्हणालो, तर म्हणाले, "तू जा, नोकरी थांबत नाही. देव मी पोचवतो." बसस्टँडवर डबा घेऊन आले होते. बस सुटल्यावर मी रडलो. या कामावर आज माझं घर चालतं. हे लिहितोही इथूनच, पॅरिसच्या मनोऱ्याचा गंज घासून झाल्यावर.

मधली वर्षं गावी जाणं धावतपळत झालं. देव परत आल्याचं मायनं फोनवर सांगितलं होतं, त्याच दिवशी शेंदूर लावला म्हणाली. यंदा सुट्टी नीट मिळाली तेव्हा तीच बोलली, "शेंदूर लय चढला. तुले काढता येते, तूच काढ. पुन्हा त्याचं तोंड पायतो."

सकाळी एकटाच गेलो. तेल लावून, लाकडाच्या पट्टीनं हळूहळू काढत आलो. तलवार आली, दोरी आली. मग घोड्याच्या पोटाखाली बोट घातलं आणि ते फुगे हाताला लागले. ज्वारीच्या दाण्याएवढे, ओळीत. मी पुन्हापुन्हा बोट फिरवत राहिलो. मग उठून मागे गेलो. मागची बाजू बरोबर होती, छिन्नीच्या खुणांसकट. का नसेल? मीच ओतली होती.

तिथूनच उस्तादना फोन लावला. म्हटलं, "घोडादेव कुठं आहे?"

"तुह्या गावात. अजून कुठं."

"हा माह्या हातचा आहे."

पलीकडे कटर चालू होता. तो बंद झाला. "मंग चांगलं आहे ना, बाबू. इतके वर्षं कोनाले समजलं नाही. तुह्या हातात काय आहे ते पाय."

"खरा कुठं आहे, उस्ताद?"

"खरा पावसात झिजून राह्यलता. आता कोनाच्या तरी बंगल्यात सुखानं आहे. तुमचे लोक इकडं पाया पडते, ते तिकडं पायत बसते. नुकसान कोनाचं झालं?" मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "जेवला का?"

मी फोन ठेवला. गप्प राहिलो असतो तर राहता आलं असतं. पुन्हा शेंदूर लावायचा आणि सुट्टी संपली की निघायचं. सांगितलं तर ज्या घरात जेवलो त्या घरात पोलीस जाणार, आणि गाव आधी मलाच विचारणार. देव माझ्या भरोशावर गेला होता.

मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"मंग मी कोनाले पानी घालत होती?"

"सिमेंटले, माय."

"तुले माहीत होतं?"

"नाही."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग सूप बाजूला ठेवलं. "चाल. मोठ्याबाबाले असंच सांग, जसं मले सांगितलं."

मोठेबाबांनी लिंबाखाली येऊन विळ्याच्या टोकानं घोड्याच्या पोटाखाली खरवडलं. आतून राखाडी निघालं. तोवर माणसं जमली होती. कुणीतरी मागून म्हणालं, "पोरानं देव बनवला, अन् देवानं पोराले नोकरी देल्ली." दोघंतिघं हसले. मायनं वळून पाहिलं तेव्हा थांबले.

ते वाक्य माझ्यात रुतून बसलं आहे. नोकरी त्यांनी माझ्या भल्यासाठी दिली की मी गावात नसावं म्हणून? दोन्ही खरं असेल काय? तो डबा, ते बसस्टँडवर थांबणं? कोणतं त्यांचं आणि कोणतं धंद्यातलं, हे मला अजून वेगळं करता येत नाही. फोन वाजला की हातातलं काम टाकून बघतो. त्यांचा असेल असं वाटतं, आणि नसला की वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबा आणि मी ठाण्यात गेलो. जमादार कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करत होता. दगड केवढा, कधी नेला, कुणी नेला, सगळं विचारलं. मग म्हणाला, "हा माणूस तुमचा कोण?"

"उस्ताद."

"नातं विचारून राह्यलो."

"त्याईच्या घरी जेवलो मी. पोरगा होतो तेव्हापासून."

"तसं लिहिता येत नाही. मालक लिहू?"

मोठेबाबा खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, "लिहा."

"नाव सांगा. पूर्ण."

इतक्या वर्षांत मी त्यांना कधी नावानं बोलावलं नव्हतं. ते पहिलं, मग वडलांचं, मग आडनाव, असं थांबत थांबत सांगितलं. जमादारानं टाइप केलं आणि बरोबर आहे का बघा म्हणून पडदा माझ्याकडे वळवला. बरोबर होतं.