आमच्या रानाला पडीक म्हणे!

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आज वेळ अमावस्या, आमची येळवस. आज सगळे आपापल्या रानात जाऊन पूजा करतात. आमच्या घरचे मात्र गावाबाहेरच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर जातात. निजामाच्या काळात फौजेची विमानं उतरवायला आमचं रान घेतलं. रान गेलं, पण येळवस तिथंच राहिली. कडेला कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी करायची, पूजा करायची, आणि जिथंवर आपलं रान होतं तिथंवर आंबील शिंपडत फिरायचं.

आज गेलो तर तिथं चकचकीत फलक आणि शेजारी वॉचमन. म्हणाला, "इथं काही सांडू नका. हे आता हेरिटेज आहे."

माझे चुलते नाना चष्मा घरी विसरले होते. "काय लिवलंय गं?" म्हणाले. मी वाचून दाखवलं. विमानांची नावं होती, साहेबांचे हुद्दे होते. गावाचं नाव कुठंच न्हाय. आणि शेवटी लिहिलेलं, "पूर्वी येथे पडीक माळरान होते."

नाना वॉचमनकडं वळले. "माझ्या आज्यानं इथं ज्वारी पिकवली बाबा. पडीक कुणी म्हणलं?"

फलक त्या बिचाऱ्यानं थोडाच लिहिला होता? पण लिहिणाऱ्याला गावात येऊन एका माणसाला विचारायला काय झालं होतं? वारसा जपा की! पण आम्हाला पुसून टाकून कशाला?

नानांनी आंबिलीचं मडकं उचललं आणि थेट फलकाच्या बुडापासून शिंपडायला सुरुवात केली. वॉचमन बाजूला सरकला.

तुम्हीच सांगा, पडीक माळावर कुणी पिढ्यान् पिढ्या आंबील शिंपडतं का?