बेंदराची पोळी

शहरातली माणसं माळावर येतात आणि घोड्यांच्या गळ्यात पडून फोटो काढतात. घोडी किती प्रेमळ, म्हणतात. रोज वैरण टाकायला ती येत नाहीत, मी जाते.

निपाणीच्या वरच्या अंगाचा हा माळ माझा. घोडी जनावरं सोडवणाऱ्या एका संस्थेची. टांग्याची, वरातीची, शर्यतीत मोडलेली, कुणी रस्त्यावर सोडलेली अशी सगळी आणून इथं ठेवतात. सोडवून आणली म्हणून काही ती संत होत नाहीत. नवीन घोडं आलं की जुनी त्याला कोपऱ्यात घेऊन चावतात, वैरणीवरून हाकलतात. एक आंधळी म्हातारी घोडी आहे, तीसुद्धा वासावरून बरोबर लाथ घालते.

गेल्या बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आधी शर्यतीची एक तांबडी घोडी आली. चिकोडीकडच्या एका गाडीवानाची. पुढचा पाय सुजलेला, पाठीवर वळांचं जाळं. कळपानं तिला सगळ्यात खाली टाकलं. बाकीची खाऊन हलली की उरलेल्या काड्या ती वेचायची. मी तिला वेगळी वैरण टाकायची, तीही दुसरी येऊन ओढायची. फासळ्या मोजता येत होत्या.

बेंदराच्या सकाळी मी खालच्या विहिरीवर मोटार चालू करायला गेले होते. परत येते तर तो गाडीवान कुंपणाच्या आत. तांबडीला त्यानं बाजूला चिंचेला बांधलेलं. बैलांच्या शिंगांना लावतात तो हुरमुंजाचा तांबडा रंग तिच्या खुरांना लावलेला. पायाशी रिकामी दुरडी.

"आक्का, सणाचं आलतो," तो म्हणाला. "संस्थेनं घरातनं न्हेली, पण सणाला उपाशी कशी ठिवायची?"

"काय घातलंस रं?"

"पोळ्या. पुरणाच्या. बायकूनं पहाटं उठून केल्या."

"किती?"

"दुरडी संपली की. बाकीची हिसकावून घेत्यात म्हणून हिकडं बांधली. लई भुकेली हुती बगा."

"बैल हाय व्हय ती?"

तो हसला. मी थट्टा करते असं त्याला वाटलं.

बैल रवंथ करतो, त्याचं पोट वेगळं. घोड्याला ओकारीसुद्धा येत नाही. आत गेलेलं एकतर खाली जातं, नाहीतर आत फुगत राहतं. आणि ही तर सुक्या गवतावर जगलेली, तिच्या पोटात दुरडीभर डाळगूळ.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गावोगाव बैलांच्या मिरवणुका आहेत, रस्ते भरलेत, पोचायला वेळ लागेल. तोवर चालवत ठेवा, लोळू देऊ नका.

दुपार व्हायच्या आत ती पोटाकडं वळून बघायला लागली. पुढच्या पायानं माती उकरली, घामानं भिजली आणि गुडघे टेकले. मी कासरा ओढला, पण माझ्या ओढण्यानं घोडी उठत नाही. मी कुंपणावरची निरगुडीची फोक तोडून गाडीवानाच्या हातात दिली.

"मार."

"आक्का?"

"लोळली तर आतडं पिळंल. उठव तिला. मार."

त्यानं फोक खाली टाकली. "पाया पडतो, ह्ये सांगू नगा. आता हिच्या अंगाला हात लावणार न्हाई, अशी देवाची आण घेतल्या. म्हणून तर पोळ्या आणल्या."

"आण तुझी, पोट तिचं. शर्यतीत फुकटचं मारताना हात दुखला न्हाई तुझा. आज कामाचं मारायचं हाय तर आण आठवली व्हय? उचल."

त्यानं उचलली. पहिला फटका पोराला मारावा तसा मारला. ती हलली नाही. "तिला कळू दे कोण आलंय ते," मी म्हणाले. मग त्यानं शर्यतीत घालायचा तशी हाळी घातली आणि जुन्या वळांवर जोरात हाणली. ती धडपडत उठली. पाय लंगडत होता तरी चालली. त्याला घाबरून चालली. बसायला लागली की तो मारायचा आणि रडायचा. मी त्याला थांबू दिलं नाही. बाकीची घोडी तिच्या वाटणीची वैरण खात उभी होती.

डॉक्टर आले तेव्हा उन्हं कलली होती. नाकातून नळी घातली, पोटाला कान लावला, हिरड्या बघितल्या. त्या जांभळ्या पडल्या होत्या. "आतडं गेलंय, आजी," ते म्हणाले. "आता इंजेक्शन देऊन सोडवू या."

"डोकं धर," मी गाडीवानाला म्हणाले. त्यानं धरलं. त्याच्या हाताखाली तिचे कान मागं चिकटलेले होते, ते शेवटपर्यंत सरळ झाले नाहीत. मग ती एका कुशीवर पडली.

डॉक्टर गेले. खड्डा काढायला यंत्र सणामुळं दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होतं. तो तिच्याजवळ बसला होता.

"आक्का, मीच मारली व्हय?"

पाय सुजला होता, दुबळी होती, नशीब होतं, असं बरंच काही सांगता आलं असतं. त्याची तीच अपेक्षा होती.

"व्हय," मी म्हणाले.

बाकीच्यांना पाणी दाखवायचं होतं म्हणून मी बादल्या उचलल्या. तो उठून मागं यायला लागला, दुसरी बादली घेऊ का म्हणाला.

"तू हितंच बस," मी म्हणाले. "कुत्री येतील."