बाहुल्याचा राखाडी कोट

त्या दिवशी घरात कोण कोण हुतं ते आधी सांगते. मी मशिनवर हुते. माझी सून भिंतीला टेकून मेथी निवडत हुती, तिला पाचवा महिना लागल्याला. शेजारची चाची हुती, काज-बटणं करणारी. समदी गल्ली तिला चाचीच म्हणती. आन् एक पावणा हुता, तिशीचा, चष्मेवाला, जयसिंगपूरचा म्हणून सांगत हुता. ल्योक शिरोलीला फौंड्रीत ड्युटीवर, त्यो न्हवता. पाचवा खोक्यात हुता. त्येला माणसात धरायचं का न्हाय ते तुमी ठरवा.

मी चौथी शिकले. त्येच्या फुडचं मशिननं शिकवलं. नवरा गेला तवा पोरगं दोन वर्साचं. परकर शिवलं, झंपर शिवलं, दिवस काढलं. रडाय येळ न्हवता म्हणून रडले न्हाय, येवढंच. आता गुडघं लई मशिन मारू देत न्हाईत, म्हणून देवाची बारकी कापडं शिवते. बाळकृष्णाचं अंगरखं, देवीच्या हातभर साड्या. चाचीच्या लेकीनं त्येचा फोटू मोबाईलवर टाकला, त्यो बघून ह्यो पावणा आला.

त्यानं खोकं उघडलं. आत फोममदी एक बाहुला. वीत आन् वर चार बोटं. अंगावर चिंधी न्हाय आन् मानंच्या वर काय न्हाय.

"मुंडकं कुठं हाय ह्येचं?" मी इचारलं.

"हे की," म्हणून त्यानं दुसऱ्या कप्प्यातनं मुंडकं काढलं. माणसासारखं माणूस. डोळ्याखाली सुरकुत्या, गालावर दाढीचं खुंट. मग हात काढलं. एक जोडी मुठी आवळल्याली, एक उघडी, एक बोट दावणारी. पाच जोड्या माझ्या मशिनच्या फळीवर वळीनं मांडल्या.

चाची म्हणाली, "या अल्ला, खेळणं हाय का खून केलाय कुणाचा?"

पावणा हसला. "गोळा करायची असतात चाची ही. कपाटात ठेवायची. पोरांचं खेळणं नाही ते."

"पोरांचं न्हाय तर मग कुणाचं?" चाची म्हणाली. "तुमच्या आईला ठावं हाय का हे?"

त्यावर त्यो लाजला. मला ते लाजणंबी आवडलं न्हाय.

मोबाईलवर त्यानं एक चित्र दावलं. घोट्यापतूर लांब कोट, उभी कॉलर, मागं चीर. म्हणाला, आस्साच पायजे, टाका दिसता कामा न्हाय. बरं. मग पिशवीतनं एक जुना सदरा काढला, राखाडी, बगलंत विटल्याला. म्हणाला, कोट ह्याच कापडाचा करायचा.

"कुणाचा हाय सदरा?"

"माझाच, मावशी."

"मग नवं कापड आणा की मीटरभर. आंगावरचं कशाला?"

"नवं कापड ताठ राहतं. एवढ्याशा अंगावर फुगतं. धुऊन धुऊन विरलेलं असलं तरच नीट पडतं."

हे खोटं न्हवतं. बाळकृष्णालाबी मी जुन्या साडीचंच मऊ कापड घेते. पर करणी करणारा पटंल आसंच कारण सांगणार की. उठता उठता म्हणाला, "उरलेल्या चिंध्या मात्र परत द्या मावशी. सगळ्या. फेकू नका."

मग माझं डोकंच फिरलं. आंगाला लागल्यालं कापड, बाहुलं, आन् चिंधी न चिंधी परत. आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं हाय ह्येचा अर्थ काय ते.

मला माझी भीती न्हवती. सुनंची दोन गेलती. पहिलं तिसऱ्या महिन्यात. दुसरं पाचव्यात. ते ह्या हातात आलतं, वीतभर. माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मीच गुंडाळलं. आन् एक गोष्ट मी कुणाला सांगितली न्हवती. पोटुशी बाई घरात आसली की झबलं-टोपडं आधी शिवून ठेवायचं न्हाय, जन्मल्यावरच शिवायचं, ही आमची रीत. दुसऱ्या खेपंला उरल्याल्या मलमलचं टोपडं मी आधीच शिवलं हुतं. लई चांगलं कापड हुतं, ऱ्हावलं न्हाय. आठ दिसांत पोर गेलं. टोपडं मी चुलीत घातलं. तवापासनं घरात देवाचं सोडून बारकं कापड मी शिवू दिलं न्हाय. देवाचं चालतं, देव काय पोटातला न्हाय.

म्हणून मी सदरा उचलून पावण्याच्या हातात परत द्याय लागले. तर सून म्हणाली, "आत्ती, ठेवा की ते. डॉक्टरनी मला उठू दिलं न्हाय दोन महिनं झालं. भिंती बघून बघून याड लागायची पाळी आली. मी शिवते हातावर."

पावण्याम्होरं मला कारण सांगता येईना. सुनंलाबी सांगता येईना, टोपड्याचं निघालं आसतं. शेवटी म्हणलं, "मी शिवते. तू हात लावायचा न्हाय."

"आवं, का पर?"

"लावायचा न्हाय म्हणलं की न्हाय."

सून तोंड फिरवून मेथी निवडत बसली. दोन दिवस माझ्याशी धड बोलली न्हाय.

त्यो कोट शिवणं म्हंजे मुंगीला लगाम घालणं. मशिनचा टाका मोठा दिसायचा, म्हणून समदं हातावर केलं. बाहुल्याचं खांदं मोजाय टेप कामाला येईना, दोऱ्यानं माप घेतलं. कॉलर चारदा उसवली. बटणाच्या जागी चाचीनं काळं मणी लावलं आन् काजंबी केली, मोहरीयेवढी. मुंडकं मी खोक्यातच ठेवलं, वर पाटा ठेवला. तरी शिवताना वाटायचं, कुणीतरी बघतंय.

चाची म्हणायची, "आक्का, परत दे जा त्येला. येवढा संशय हाय तर शिवतीस कशाला?"

"परत दिलं तर दुसरीकडनं शिवून घील. इथं हाय तवर माझ्या नजरंखाली तरी हाय."

कोट झाला त्या दिवशी दुपारी सून झोपली हुती. मी डब्यातनं बिब्बा काढला. बिब्बा म्हंजे काळं फळ, सुपारीयेवढं. त्येच्या तेलाचा ठिपका बारक्या पोराला लावत्यात, दृष्ट लागू ने म्हणून. पर जास्ती लागलं तर कातडीला फोड येत्यात. मी त्येची बारकी चकती कापली, प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळली आन् कोटाच्या खालच्या काठात, डाव्या बाजूला, शिवून टाकली. मनात म्हणलं, काय करायचं आसंल ते तुझ्याच घरात करून घे, माझ्या दारात नगं.

चाचीनं बघितलं. "बिब्बा कापड खातंय, आक्का."

"खाऊ दे."

पावणा आला. खिशातनं भिंग काढलं. एक एक टाका बघाय लागला. काठापाशी बोट थांबलं.

"मावशी, इथं काहीतरी जाड लागतंय."

"वजनाला हाय," मी म्हणलं. "त्याबिगार कोट खाली पडत न्हाय."

त्येचं तोंड आसं फुललं! "वा! मी किती जणांना सांगितलं होतं काठात वजन घाला म्हणून. कुणाला कळलंच नाही." वाकून माझ्या पाया पडला. चाची तोंडाला पदर लावून बाहीर गेली. चिंध्या मी समद्या मोजून परत दिल्या. एक कमी पडली आसती तर माझ्यावर आळ नगं.

सुनंचा पाचवा गेला, सहावा गेला. मी रोज तिचं पाय बघायची, सूज हाय का. नववा भरला आन् पोरगी झाली. किरकिरी हाय, पर हाय. मग टोपडं शिवलं.

पोरगी सहा महिन्यांची झाल्यावर सुनंनं मला मोबाईलवर फोटू दावला. त्या पावण्यानं मागंच टाकल्याला. काचंचं कपाट, त्यात पन्नासभर बाहुली, समद्यांना मुंडकी, समद्यांना हात, कपडं घालून उभी. मधी माझा कोट. वर बारकं दिवं लावल्यालं. खाली लिवलं हुतं, कोल्हापूरच्या एका मावशीनं हातावर शिवलाय. दुसरं काय न्हवतं तिथं. लिंबू न्हवतं, टाचणी न्हवती. मी फोटू मोठा करून करून बघितला.

तवा मी सुनंला सांगितलं. बिब्ब्याचं सांगितलं, मग टोपड्याचंबी निघालं. तिनं पोरीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आत्ती, टोपड्यानं कुणाचं पोर जात न्हाय." तिला तसं वाटतंय, बरंच हाय. मला आजूनबी पुरतं तसं वाटत न्हाय.

मग तिनं पावण्याला फोन लावला. दिव्याच्या उष्णतेनं बिब्ब्याचं तेल सुटतंय, प्लास्टिकातनंबी पाझरतंय, हे मला ठावं हुतं. त्यो आधी हसला. मग म्हणाला, बाहुला आता माझ्याकडं न्हाय, बाहुली गोळा करणाऱ्या दुसऱ्या एकाशी अदलाबदल केला, कोटासकट. कळवतो म्हणाला. त्यानंतर त्यो फोन उचलत न्हाय. कळवलं आसंल? मला तर वाटत न्हाय. आवडत्या कोटात खोट निघाली हे कोण दुसऱ्याला सांगतोय?

चाळीस वर्सांत मी कुणाच्या कापडात खोट ठेवली न्हाय. ही एक ठेवली, आन् ती कुणाच्या घरात हाय ते मला ठावं न्हाय. आमची पोरगी आता रांगती, सापडंल ते तोंडात घालती.

म्हणून हे वाचणाऱ्याला सांगते. राखाडी लांब कोट, काळं मणी, उभी कॉलर आसा बाहुला तुमच्याकडं आसला, न्हायतर वळखीच्या कुणाकडं आसला, तर डाव्या बाजूचा खालचा काठ उसवा. आतलं काळं काढून टाका. चिमट्यानं काढा, बोट लावू नगा. आन् घरात बारकं पोर आसंल तर आधी त्यो बाहुला उचलून वर ठेवा.