तो शब्द मी पुसला नव्हता

चौकशीत मी खोटं बोललो. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण थोडं पुढे गेलं की मी सबबी शोधायला लागतो.

बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचा संगणक विभाग माझ्याकडे होता. शहरात शिकून आलेलो, म्हणून सगळे ‘साहेब’ म्हणत आणि मला ते आवडे. साल दुष्काळाचं. ऊस उभ्या उभ्या वाळत होता. तोडणीची टोळी पंधरा दिवस उशिरा आली तर फडात चिपाडंच उरत. त्यामुळे कुणाचा ऊस आधी तुटणार, यावर माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती. तोडणीचा क्रम मशीनमध्ये होता आणि तो बदलायचा पासवर्ड एकाच माणसाकडे होता, ऊस नोंदणीच्या कारकुनांकडे. ते घाटनांदूरकडचे, बौद्ध कुटुंबातले. त्यांच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारे ते पहिलेच. काही संचालकांना तेवढंच खुपत होतं.

पासवर्ड तपासणारा भाग मी लिहिला होता, थेट कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात. टाइप केलेला शब्द तिथल्या मेमरीत यायचा, ताडून पाहिला जायचा, आणि मग मी ती जागा सिस्टीमला परत करायचो. परत करण्याआधी तिच्यावर शून्यं लिहून शब्द पुसायला हवा होता. नाहीतर दुसरं काही येऊन बसेपर्यंत तो तिथे तसाच पडून राहतो. दोन ओळींचं काम. मला ते शिकवलेलं होतं. कर्नेलमध्ये कोण मरायला डोकावतंय, अशा मस्तीत मी ते केलं नाही.

आमच्या खोलीत कूलर होता, पण टँकरचं पाणी त्यात घालायला मनाई होती. दुपारी खोलीची भट्टी व्हायची आणि मशीन कोसळायचं, म्हणजे चालता चालता बंद पडायचं. कोसळताना ते मेमरीत असेल नसेल ते सगळं डिस्कवर उतरवून ठेवायचं, बिघाड नंतर शोधता यावा म्हणून. त्या फायली कुणालाही उघडता येतील अशा मी ठेवल्या होत्या. एका संचालकांचा पुतण्या माझ्या हाताखाली ऑपरेटर होता. त्या कचऱ्यातून वाचता येणारी अक्षरं कशी वेचून काढायची, हे मीच त्याला मोठ्या ऐटीत दाखवलं होतं.

एका सकाळी क्रम बदललेला निघाला. संचालकांच्या भावकीचे फड वर, तेलगावकडचे लहान शेतकरी खाली. नोंद मात्र कारकुनांच्या पासवर्डाची. चौकशी बसली. तिच्या आदल्या दिवशी मी मशीन कोसळल्याची शेवटची फाईल उघडून शोधलं. शब्द समोर आला, सरळ, स्वच्छ अक्षरांत. पुतण्याने त्याच फाईलवर चालवलेली आज्ञाही मशीनने जपून ठेवली होती.

चौकशीला ते संचालक स्वतःच अध्यक्ष! त्यांनी कारकुनांना सर्वांसमोर शब्द सांगायला लावला. कारकून खाली बघत म्हणाले, “आईचं नाव हाय.”

“मग काय बे, आख्ख्या गावाला ठाऊक असंल की!”

“न्हाई साहेब. गावात तिला कुणी नावानं हाक मारली न्हाई कधी. अमक्याची बायकू, तमक्याची माय. नाव मला अन् तिलाच ठाऊक.”

दोघेतिघे हसले. अध्यक्ष माझ्याकडे वळले. “साहेब, मशीनमधून शब्द बाहेर पडतो का?”

“नाही,” मी म्हणालो. “वापर झाला की तो कुठेच राहत नाही.”

मला नोकरी याच संचालकांनी लावली होती. कारण म्हणून नाही सांगत. मी भ्यालो आणि माझी चूक झाकली, एवढंच. दुपारी मी फाईल पुसली, पुतण्याची आज्ञा पुसली आणि त्या दोन ओळी प्रोग्राममध्ये घातल्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम त्या दिवशी झालं. कारकुनांना काढून टाकलं.

गेल्या वर्षी बीडमध्ये त्यांच्या घरी जाऊन मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मी न्हाई सांगितलं म्हंजे मशीनमधूनच गेलतं, एवढं मला तवाच कळलं. तुमाला कळलं न्हवतं का?”

“कळलं होतं.”

“माय मरताना इचारत हुती, माजं नाव तू कुणाला सांगितलंस रं म्हणून. मी काय सांगणार? तिला वाटलं, लेकानंच सांगितलं.” ते उठून दाराशी गेले. “हितं कावून आलात? तवा जितं बोललात, तितं जाऊन बोला.”

मी कारखान्याचा सभासद आहे. सर्वसाधारण सभेत उभा राहिलो. व्यासपीठावर तोच पुतण्या होता, आता कारखान्याचा अध्यक्ष. मी चार वाक्यं बोललो आणि माइक बंद झाला.

“काका, बसा खाली. लई जुनं झालं ते. चहा घ्या,” तो वरून मला म्हणाला.

मी बसलो नाही. घसा फोडून उरलेलं बोललो. पुढच्या तीन रांगांना ऐकू गेलं. ‘म्हातारं चळलं’ असं कुणीतरी म्हणालं, तेही मला ऐकू आलं. हे इतिवृत्तात घ्या, असं मी लेखी दिलं. इतिवृत्त छापून आलं, त्यात माझ्यावर एक ओळ आहे: एका ज्येष्ठ सभासदांनी संगणकाच्या देखभालीविषयी सूचना केली.

सूचना! हरामखोरांनो, मी कबुली दिली होती.

म्हणून या मासिकात लिहितो, इथे माइक कुणाच्या हातात नाही. त्या कारकुनांनी आपल्या आईचं नाव कुणालाही सांगितलं नव्हतं. ते मी मेमरीत उघडं ठेवलं, पुतण्याने उचललं, आणि मला ठाऊक असताना मी नाही म्हणालो. हा अंक हाती आला की मी पुन्हा बीडला जाणार आहे. ते दार उघडतील की नाही, ते त्यांनी ठरवायचं.