बॉडी बघायला आलेला

खाडीवरच्या फ्लेमिंगोंचे माझे फोटो धूसर येतात, ते डीएसएलआर कॅमेऱ्याची बॉडी जुनी झाली म्हणून, हे बायकोला मी महिनाभर पटवत होतो. ही बॉडी विकून नवी घ्यायची, असं ठरतही आलं होतं.

जाहिरात वाचून जुनी बॉडी बघायला हा एक पोरगा घणसोलीहून आला. कॅमेरा कानाशी धरून त्यानं क्लिकचा आवाज ऐकला, बटणांवर फुंकर मारली, माझे सगळे फोटो पाहिले आणि पोह्यांचा घास गिळत, बायकोसमोर, अगदी मायेनं विचारलं, “काका, बॉडी तर एकदम मस्त आहे. मग फोटो असे का?”

अरे, तू गिऱ्हाईक की परीक्षक? पोहे आमचे खाऊन इज्जतही आमचीच काढतोस? मी कॅमेरा हिसकावून घेतला. “नाही विकायचा! चल, नीघ!” तर हा निर्लज्ज हसून म्हणतो, “टेन्शन नका घेऊ, काका.”

दार आपटून वळलो, तर बायको रिकामी बशी उचलत होती. “मस्त आहे म्हणाला ना तो? मग नवी कशाला?”