राजपुत्राचा उजवा हात

"पान बघून वाढावं," असं म्हणत काका माझा हात कीबोर्डवरून अलगद बाजूला सारायचे आणि स्ट्रीमचा रेट निम्म्यावर आणायचे.

आमचा स्टुडिओ कोलशेतला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. कलाकार अंगभर सेन्सर लावलेला काळा सूट घालून चालतो, नाचतो, आणि त्याची हालचाल जशीच्या तशी पडद्यावरच्या कार्टूनमध्ये उतरते. ती नेटवरून परगावच्या क्लायंटला थेट दाखवायची, हा आमचा उद्योग. सेकंदाला किती वेळा माहिती सोडायची, ते काका ठरवायचे. मला वाटायचं, जास्त सोडली की जास्त चांगलं दिसेल. "अगं, पंगतीत सगळं एकदम ओतलंस तर जेवणारा काय गिळेल? तुंबलं की पडद्यावरचा माणूस आधी थिजतो, मग उडी मारतो. कमी सोड, पण न अडकता जाऊ दे."

पूर्वी डोंबिवलीत केबलचा धंदा केलेला माणूस. कोणी सर म्हटलेलं खपायचं नाही. आमच्या साहेबांना तर ते चारचौघांत 'बाळा' म्हणायचे. साहेबांचा चेहरा व्हायचा तो व्हायचा, पण बोलणार कोण! असा एखादा काका तुमच्याही ऑफिसात असेलच.

त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, ते आधी मला दिसलं. माउस धरला की बाण पडद्यावर भिरभिरायचा.

"कुठे बोलू नकोस," ते म्हणाले. "कळलं तर घरी बसवतील. घरी मी करू काय गं? हिच्याशी रिमोटवरून भांडू?"

मी हसले. कोणाला सांगितलं मात्र नाही.

मग एका मोठ्या मालिकेच्या कामाची चाचणी आली. क्लायंट हैदराबादेत पडद्यासमोर बसलेला आणि आमचा कलाकार घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये. सूट अंगाला बसेल असे एकटे काकाच.

"काका, नुसतं चालून दाखवा," साहेब म्हणाले. काकांना नाही म्हणता येईना. स्ट्रीमवर मी बसले.

पडद्यावर तरणाबांड राजपुत्र चालू लागला. चाल झकास. उजवा हात मात्र थरथरत होता.

"हात हलतोय, नेटचा प्रॉब्लेम आहे का?" हैदराबादहून आवाज आला. साहेब माझ्यावर खेकसले, "रेट कमी कर!" केला. हात थरथरतच. "अजून कमी कर!" आता राजपुत्र अडखळायला लागला, हात तसाच. "एवढं साधं जमत नाही? उद्यापासून त्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसेल!"

बोलले तर काका घरी, नाही बोलले तर मी. काय करणार हो?

काका चालता चालता थांबले. "बाळा, तिला ओरडू नकोस. रेट बरोबर आहे, नेटही बरोबर आहे. हात माझा थरथरतोय." मग माईककडे वळून म्हणाले, "साहेब, तुमच्याकडे अगदी बरोबर पोचलंय."

काम आम्हाला मिळालं. काका थोड्याच दिवसांत घरी बसले. निरोपाला शाल पांघरवताना साहेबच रडले.

ते रेकॉर्डिंग नव्या क्लायंटना दाखवायचं ठरलं. "तेवढी थरथर साफ कर," साहेबांनी सांगितलं. चुटकीसरशी होणारं काम. मी पाय साफ केले, खांदे साफ केले, हाताशी आले आणि थांबले. साहेबांना म्हटलं, दुसरं काहीतरी दाखवू. त्यांनी स्वतःच दुसरी फाइल काढून दिली.

काकांची फार आठवण आली की मी ते रेकॉर्डिंग लावते. पडद्यावर राजपुत्र चालत असतो. मला काकाच दिसतात.