तिकडचं स्वच्छ आभाळ

आमची लेक परदेशात वाळवंटात बसून चंद्राकडून येणारा उजेड झेलते. हे वाक्य आमच्या ह्यांचं. कोलकात्यात डमडमच्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते ऐकवायचे. चंद्राला वळसा घालणाऱ्या यानातून लेसरचा किरण सोडतात, तो तिच्या केंद्रावरची दुर्बीण पकडते आणि त्यातून अंतराळवीरांची चित्रं नि आवाज मिळतात. ढग आडवा आला की सगळं ठप्प. म्हणून हे रोज चहाबरोबर फोनवर तिकडचं हवामान बघायचे. आज इथे छत्री लागेल का विचारलं, तर पत्ता नसायचा.

नेमकं यान निघालं त्या आठवड्यात ह्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, आणि नोकरीभर बोललेली बंगाली नि हिंदीही गेली. उरली ती फक्त लहानपणची साताऱ्याची मराठी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, मुलीला बोलावून घ्या. तर तिकडे किरण पकडणाऱ्या दुसऱ्या केंद्रावर ढग दाटलेले, सगळा भार हिच्या केंद्रावर. मी देवाला म्हटलं, चुलीत गेलं ते यान, तिच्याही डोक्यावर ढग आण. नाही आणले.

फोन ह्यांच्या कानाशी धरला. "कधी येतेस?" एवढं त्यांनी कसंबसं विचारलं.

"चेष्टा करतेय, बाबा. खूप चेष्टा करतेय," ती रडत म्हणाली.

बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. लेक इथेच वाढली, घरात तो शब्द तसाच चालायचा, ह्यांचीही कधी हरकत नव्हती. पण आता त्यांच्यापाशी एकच भाषा होती. त्यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. "अहो, प्रयत्न करतेय म्हणतेय ती," मी परत परत सांगितलं. त्यांना वाटलं, मी लेकीची बाजू सावरतेय. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तिला सांग, चेष्टा पुरे झाली," म्हणाले. त्यानंतर ते बोललेच नाहीत.

ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबा शेवटी काय म्हणाले, तिने दारातच विचारलं. मला खोटं बोलता येत नाही. त्यांचे शब्द होते तसे सांगितले.

ती माझ्या गळ्यात पडली. "म्हणजे त्यांना कळलं होतं, आई. मी किती चेष्टा केली, ते कळलं होतं त्यांना."

"हो गं," मी म्हटलं, आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेचना.